ग्योर्लिट्सची माणसं गेली कुठे? एका छोट्या जर्मन शहराच्या लोकसंख्येचा हिशोब

प्रश्न असा आलाय की जर्मनीतल्या ग्योर्लिट्स शहराच्या लोकसंख्येच्या तक्त्यात १९३९ ला ९४ हजाराच्या आसपास, १९४९-५० ला १ लाख आणि आता जेमतेम ५६-५७ हजार दिसतात, आणि हे शहर तर बॉम्बिंगमधून जवळजवळ सहीसलामत सुटलं होतं, मग एवढी माणसं गेली कुठे? शिवाय त्याच तक्त्यात पंधराव्या शतकातले आकडे पण आहेत, ते खरे धरायचे का? आणि शेवटचं, हे शहर आता संपत चाललंय का?

शहरांची लोकसंख्या मोजणं, जुने आकडे तपासणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि पूर्व जर्मनीतली अशी मध्यम-छोटी शहरं त्यात भरपूर आलीत, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊनच बसा. आधी मुद्दा सांगून टाकतो. तक्ता दिसतो एका शहराचा, पण वरच्या ओळीत मोजलेलं शहर आणि खालच्या ओळीत मोजलेलं शहर एकच नाहीये. हद्द बदललीये, मोजायची पद्धत बदललीये, आणि एकदा तर थेट देशाची बॉर्डरच शहराच्या मधून गेलीये. त्यामुळे दोन आकडे वजा करून "इतके लोक गेले" असं म्हणता येत नाही, आधी प्रत्येक आकड्याला विचारावं लागतं की बाबा तू नक्की कोणाकोणाला मोजलंस.

ग्योर्लिट्स कुठे आहे ते आधी. जर्मनीच्या पार पूर्व टोकाला, नाइसे नदीच्या पश्चिम काठावर, नदी ओलांडली की पोलंड. पहिला लेखी उल्लेख १०७१ चा. व्हिया रेजिया नावाचा पूर्व-पश्चिम व्यापारी रस्ता इथून जायचा आणि १३३९ मध्ये शहराला कापडाला निळा रंग देणाऱ्या वनस्पतीच्या साठवणीचा हक्क मिळाला, म्हणजे या भागात येणारा तो माल आधी इथे उतरवून विकायला ठेवायलाच लागायचा. त्यात वर लोकरीच्या कापडाचं मोठं विणकाम. १३४६ मध्ये आजूबाजूच्या सहा शहरांनी मिळून संघ केला, त्यात हे एक, आणि त्यातलं श्रीमंत.

आता ते पंधराव्या शतकातले आठ-नऊ हजाराचे आकडे. तेव्हा डोकी मोजायला कोणी दारात येत नव्हतं, नगर परिषदेला रस होता तो करात. ग्योर्लिट्सचं नशीब असं की परिषदेचे जमाखर्च चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे टिकलेत, करदात्यांच्या याद्या पण आहेत, आणि रिखार्ड येख्ट नावाच्या तिथल्या आर्काइव्ह सांभाळणाऱ्या इतिहासकाराने त्यावर आयुष्य घालवलं. यादीत असतो कुटुंबप्रमुख. मग आपण त्याला साडेचार किंवा पाचने गुणतो, त्यात नोकर, शिकाऊ कारागीर, मठातले साधू, भिकारी असे जे कर भरतच नव्हते त्यांचा अंदाज मिळवतो आणि मग आठ-नऊ हजार असा आकडा येतो. आता गुणक साडेचारच्या जागी साडेपाच धरला की आकडा सरळ वीस-बावीस टक्क्यांनी फुगतो. म्हणून त्या काळासाठी "आठ ते दहा हजाराच्या दरम्यान" एवढंच बोलावं, आणि कोणी ८,३४७ असं लिहिलं तर हसून सोडून द्यावं.

सोळाव्या शतकापासून चर्चच्या नोंदवह्या मदतीला येतात, बाप्तिस्मा, लग्न, दफन. समजा एखाद्या शहरात वर्षाला सरासरी ३०० बाप्तिस्मे होतायत आणि त्या काळातला जन्मदर हजारी ३५ धरला तर लोकसंख्या साडेआठ हजाराच्या आसपास निघते. ही पद्धत करयादीपेक्षा बरी, कारण गरिबांची पोरं पण बाप्तिस्म्याला येतात. पण इथेही गोची आहेच, साथीच्या वर्षी दफनाची वही लिहिणाराच मेला तर त्या वर्षी दफनं कमी दिसतात! अशा खाचा हाताने भरायला लागतात.

याद्यांपेक्षा मला जास्त इंटरेस्टिंग वाटते ती एक गोष्ट म्हणजे शहर जवळपास तीनशे-सव्वातीनशे वर्षं जागचं हललंच नाही. १५०० च्या आसपास आठ-दहा हजार आणि १८२५ ला पण दहा हजारच्या घरात. मधे काय काय झालं बघा. १५२५ ची मोठी आग. १५२७ मध्ये विणकरांनी परिषदेविरुद्ध कट केला, तो फसला, माणसं मारली गेली, आणि ज्या घरात ते जमायचे तिथल्या गल्लीला आजही "गद्दारांची गल्ली" म्हणतात. १५४७ मध्ये बोहेमियाचा राजा फर्डिनांड, तेव्हाचा इथला सत्ताधीश, त्याने सहाही शहरांना शिक्षा केली, कारण काय तर युद्धात त्याला पुरेशी साथ दिली नाही, हक्क काढून घेतले, जमिनी जप्त, दंड वेगळाच. मग तीस वर्षांचं युद्ध, १६४१ मध्ये शहरात स्वीडिश सैन्य आणि बाहेर सॅक्सनी व सम्राटाचं सैन्य वेढा घालून बसलेलं, १६९१ आणि १७१७ ला परत आगी. साथी तर येऊन जाऊन होत्याच.

पण नुसती संकटं म्हणजे कारण नव्हे, हे नीट समजून घ्या. त्या काळी युरोपातल्या बहुतेक शहरांत जन्मापेक्षा मृत्यू जास्त असायचे, दाट वस्ती, घाण पाणी, लहान मुलं पटापट जायची. शहर टिकायचं ते खेड्यातून येणाऱ्या माणसांवर. आणि ती किती येऊ द्यायची हे कारागिरांच्या संघटना ठरवायच्या, कारण उस्ताद झाल्याशिवाय धंदा नाही, धंदा नाही तर लग्न नाही, आणि उस्तादांच्या जागा मर्यादित. म्हणजे साथीत हजार माणसं गेली की जागा रिकाम्या, बाहेरून लोक येणार, तरुणांची लग्नं लवकर होणार, दहा-पंधरा वर्षांत आकडा पुन्हा तिथेच. पण आठ-दहा हजाराच्या वर मात्र जायचा नाही, कारण शहराच्या धंद्याची कुवतच तेवढी. माझ्या मते आजचे लोक लोकसंख्येचा तक्ता बघताना साथी आणि युद्धांकडे फार बघतात, आणि "इथे किती लोकांना काम मिळू शकतं" याकडे फारच कमी.

ही कुवत बदलली एकोणिसाव्या शतकात. १८१५ ला नेपोलियनच्या युद्धांनंतर व्हिएन्नाला देशांची परिषद भरली, तिच्यात हा भाग सॅक्सनीकडून प्रशियाकडे गेला आणि सिलेसिया प्रांताला जोडला गेला. १८३३ ते १८४६ डेमियानी नावाचा महापौर होता, त्याच्या काळात जुन्या भिंतीबाहेर शहर पसरायला लागलं. १८४७ ला रेल्वे आली, एका बाजूला ड्रेस्डेन, दुसऱ्या बाजूला ब्रेसलाऊ (आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ) आणि बर्लिनकडे, नाइसेवर जवळपास पावणेपाचशे मीटरचा दगडी पूल बांधला, तो आजही आहे. १८४९ ला ल्युडर्स नावाच्या माणसाने गाड्या बनवायचं वर्कशॉप काढलं, त्यातूनच रेल्वेचे डबे बनवणारा मोठा कारखाना उभा राहिला. कापड गिरण्या, मशिनरी, सगळं मागोमाग. १८२५ ला दहा हजार, १८७१ ला बेचाळीस हजाराच्या आसपास, १९०० ला ८१ हजार. पाऊणशे वर्षांत आठपट!

यात एक गंमत आहे जी फक्त कारखान्यांकडे बघून कळत नाही. ग्योर्लिट्सकडे स्वतःच्या मालकीचं प्रचंड जंगल होतं, जर्मन शहरांमधलं सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि त्या लाकडाच्या उत्पन्नामुळे शहराला कर कमी ठेवता यायचे. झालं, प्रशियाचे निवृत्त अधिकारी आणि लष्करी लोक पेन्शन घेऊन इथे राहायला यायला लागले. लोक शहराला "पेन्शनोपोलिस" म्हणायचे. आज तिथे गेलात आणि त्या चार मजली नक्षीदार इमारतींच्या रांगा बघून "एवढ्याशा गावात हे काय" असं वाटलं तर बरंचसं उत्तर त्यातच आहे, कामगारांसाठी कोणी एवढी नक्षी करत नसतं. आणि हे लक्षात ठेवा, कारण पेन्शनर मंडळी कथेत परत येणारेत.

याच काळात मोजणी पण सुधारली. जर्मन राज्यांच्या सामाईक जकात संघात (कस्टम्स युनियन) गोळा झालेला कर राज्यांना लोकसंख्येप्रमाणे वाटला जायचा, म्हणून १८३४ पासून दर तीन वर्षांनी मोजणी व्हायला लागली. जास्त डोकी म्हणजे जास्त पैसे, साहजिकच कोणी सुटू नये याची सगळ्यांनाच काळजी. १८७५ पासून दर पाच वर्षांनी. तेव्हापासूनचे आकडे मी डोळे मिटून नाही पण बऱ्यापैकी विश्वासाने वापरतो.

आणि तरीही सापळे आहेतच. १९१० ला साधारण ८६ हजार, १९३९ ला ९४ हजार, बघणाऱ्याला वाटतं शहर वाढतंय. पण १९२५ ला राउशवाल्डं आणि १९२९ ला नदीपलीकडचं मॉइस ही गावं शहराच्या हद्दीत घेतली. ती माणसं कुठून आली नाहीत, होती तिथेच बसून होती, रेघ त्यांच्या पलीकडे सरकली एवढंच. ती वजा केली तर वाढीचा बराचसा भाग उडून जातो. पुण्यात आसपासची गावं महापालिकेत घेतली की लोकसंख्या "वाढते" ना, तसंच अगदी.

जे मोजले गेले नाहीत त्यांच्याबद्दल पण दोन शब्द बोलायला हवेत. मॉइसला युद्धकैद्यांची मोठी छावणी होती, श्टालाग आठ-अ, त्यात वेळोवेळी हजारो माणसं डांबलेली, फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ पण तिथेच कैदी होता. बीसनिट्स भागात ग्रोस-रोझेन छळछावणीची उपछावणी होती. शहराच्या तक्त्यात यातलं कोणीही नाही. आणि उलट बाजूने, शहरातली ज्यू कुटुंबं १९३३ नंतर आधी देश सोडून गेली, उरलेल्यांना पाठवून देऊन मारलं, शेकड्यातला आकडा असल्यामुळे ९४ हजारांच्या ओळीत तो फरक दिसतच नाही. १९११ ला बांधलेलं त्यांचं सिनेगॉग मात्र १९३८ च्या नाझींच्या जाळपोळीतून वाचलं आणि २०२१ ला सांस्कृतिक केंद्र म्हणून परत उघडलं.

आता मूळ प्रश्नाकडे, १९४५. बॉम्बिंग जवळपास झालं नाही हे खरं. पण फेब्रुवारी १९४५ पासून रशियन फौजा जवळ आल्या म्हणून शहर मोठ्या प्रमाणात रिकामं करायला लावलं आणि ७ मे ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नाइसेवरचे पूल उडवून दिले. नंतर सीमा ठरली ती नदीवरच. पूर्वेकडचा भाग, मॉइससकट, पोलंडला गेला आणि झ्गोझेलेत्स नावाचं वेगळं शहर झालं. तिथल्या जर्मनांना जून १९४५ मध्ये हाकललं. १९५० च्या जुलैत पूर्व जर्मनी आणि पोलंडने या सीमेवर सही केली, ती पण झ्गोझेलेत्समध्येच.

मग हद्द लहान झाली तरी १९४९-५० ला १ लाख कसे? निर्वासित. पोलंडकडे गेलेल्या सिलेसियातून निघालेली लाखो जर्मन माणसं पश्चिमेकडे येताना पहिलं मोठं शहर हेच, आणि पुष्कळ जण मुद्दाम नदीकाठीच थांबले, कारण त्यांची समजूत अशी की हे काही महिन्यांचं प्रकरण आहे, मग परत घरी जायचंच आहे. १९४५ च्या उन्हाळ्यात शहरात खायला नाही, साथी पसरलेल्या, अशी अवस्था. अख्ख्या सोव्हिएत झोनमध्येच, म्हणजे रशियन ताब्यातल्या भागात, जो पुढे पूर्व जर्मनी झाला, चाळीस लाखांच्या वर असे लोक होते, म्हणजे दर चौथा माणूस. वर १९४९ ला वाइनह्यूबल हद्दीत घेतलं, तो भाग अजून वेगळा. म्हणजे तो १ लाखाचा आकडा हा शहराचा "सुवर्णकाळ" वगैरे काही नाही, ती एका वेटिंग रूमची गर्दी होती. त्यामुळे आजच्या ५६ हजारांची तुलना त्या लाखाशी करूच नका, केलीच तर १९३९ च्या आकड्यातून पूर्वेकडचा भाग वजा करून करा.

पुढची घसरण दोन वेगवेगळ्या टप्प्यांत झाली आणि लोक नेहमी दोन्ही एकत्र करतात. पहिला टप्पा १९५० ते १९८९, सावकाश. बर्लिनची भिंत १९६१ ला होईपर्यंत पूर्व जर्मनीतून २५ लाखांहून जास्त लोक पश्चिमेला गेले, आणि ज्यांचं मूळ घर आधीच सुटलेलं त्यांना दुसऱ्यांदा निघायला फार विचार करावा लागत नाही. त्यात हे शहर आता कोपऱ्यात पडलं, मागचा सगळा सिलेसियाचा बाजार गेला. रेल्वे डब्यांचा कारखाना होता, जवळ बेर्ट्सडॉर्फची कोळशाची उघडी खाण आणि हागेनवेर्डरचं वीजकेंद्र होतं, त्यावर शहर तगलं. १९८८ ला पण ७७ हजारांच्या वर लोक होते. मात्र जुनं गाव गळकं, पडायला आलेलं, आणि शहराच्या उत्तरेला क्योनिग्सहूफन नावाची काँक्रीट पॅनेलच्या इमारतींची कॉलनी झाली, गरम पाण्यासाठी लोक जुनी घरं सोडून तिकडे गेले. म्हणजे शहराच्या आतल्या आतच मोठं स्थलांतर, जे तक्त्यात अजिबात दिसत नाही.

दुसरा टप्पा १९९० नंतरचा, आणि हा खरा फटका. कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्या, १९९७ ला खाण आणि वीजकेंद्र दोन्ही बंद. तरुण पश्चिमेला गेले, त्यातही तरुण मुली जास्त. आणि त्याच वेळी जन्म कोसळले: पूर्व जर्मनीत १९९४ ला एका बाईमागे सरासरी मुलं ०.७७ वर आली, शांततेच्या काळात इतका खालचा आकडा क्वचितच कुठे दिसतो. शहर २००० ला ६१-६२ हजार आणि २०१३ च्या सुमारास ५४ हजार. ते पण १९९४ ला हागेनवेर्डर आणि १९९९ ला लुडविग्सडॉर्फ, कुन्नरविट्स हद्दीत घेतल्यावर! ती गावं घेतली नसती तर तक्ता अजून वाईट दिसला असता. जन्म कमी होणं हे लोक जाण्यापेक्षा जास्त महाग पडतं, कारण गेलेला माणूस एखादेवेळेस परत येतो, पण १९९४ ला न जन्मलेली मुलगी २०२० ला आई होऊ शकत नाही, त्यामुळे तो खड्डा पुढच्या पिढीत परत उमटतो.

तुलनेसाठी शेजारचं होयर्सवेर्डा बघा. युद्धाआधी सात हजाराचं गाव, १९५५ पासून श्वार्त्सं पुंपं हा कोळसा प्रकल्प उभा राहिल्यावर १९८० च्या सुमारास सत्तर हजार पार, आणि आता निम्म्याहून कमी. ते एका प्रकल्पावर वाढलं आणि त्याच्याबरोबर उतरलं. ग्योर्लिट्स तसं नाही, त्याला जुनं शहरपण आहे, म्हणून उतार हळू होता.

सध्या काय चाललंय? २०१३ नंतर आकडा थोडा वर आलाय. जन्मापेक्षा मृत्यू अजून जास्तच आहेत, भर पडतेय ती बाहेरून येणाऱ्यांची. पोलंड २००४ ला युरोपियन युनियनमध्ये आला, त्याच वर्षी जुन्या गावातला पादचारी पूल परत बांधला, २००७ ला सीमेवरची तपासणी गेली, आणि पुष्कळ पोलिश कुटुंबं इकडे घर घेऊन राहायला लागली कारण रिकामी घरं भरपूर आणि भाडं कमी. २०१५ नंतर सीरियातून, २०२२ नंतर युक्रेनमधून लोक आले. आणि हो, पेन्शनर परत आले! पश्चिम जर्मनीतले निवृत्त लोक त्या नक्षीदार इमारतींतले स्वस्त, मोठे फ्लॅट बघून येतात. १९९५ पासून एका अनामिक दात्याने वीसेक वर्षं दरवर्षी दहा लाख मार्क, नंतर तेवढ्याच किमतीचे युरो (पाच लाखांच्या वर), जुन्या शहराच्या दुरुस्तीसाठी दिले, त्यामुळे गाव देखणं झालंय, सिनेमावाले पण येतात. पण सुंदर इमारतीमुळे पर्यटक येतो, पोरंबाळं घेऊन कुटुंब येतं ते नोकरी असेल तर.

हल्लीच्या आकड्यांबाबत एक प्रॅक्टिकल सूचना. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना आनमेल्डुंग माहीत असेलच, घर बदललं की ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. शहराचा रोजचा आकडा त्या रजिस्टरवरून निघतो. पण देश सोडून जाणारे सगळेच नाव काढत नाहीत, मग कागदावर माणूस राहतो. म्हणून २०११ आणि २०२२ च्या जनगणनेत बऱ्याच शहरांचे आकडे दुरुस्त करावे लागले. शहराची स्वतःची वेबसाइट आणि राज्याचं सांख्यिकी कार्यालय यांचे आकडे जुळले नाहीत तर घोटाळा समजू नका, मोजायचा पाया वेगळा आहे. एका तक्त्यात दोन्ही मिसळू नका म्हणजे झालं.

काही जण म्हणतात की झ्गोझेलेत्सचे तीस हजार मिळवा, मग दोन्ही मिळून ८५-८६ हजार, म्हणजे शहर तेवढंच आहे. ऐकायला छान वाटतं आणि १९९८ पासून दोघं मिळून स्वतःला "युरोप शहर" म्हणवतात पण. मला हा हिशोब पटत नाही. १९३९ ला पूर्वेकडचा भाग तुलनेने लहान होता, झ्गोझेलेत्स वाढलं ते पोलिश वसाहतकऱ्यांनी, ग्रीसमधल्या यादवीनंतर आलेल्या हजारो ग्रीक निर्वासितांनी आणि जवळच्या तुरुफ इथल्या खाण-वीजकेंद्राने, त्याची गोष्ट स्वतंत्र आहे. बेरीज जुळली म्हणून पश्चिमेकडची माणसं परत येत नाहीत.

संपत चाललंय का, तर नाही, पण १ लाख परत होणं पण नाही. पुढची दहा वर्षं कशी जातील हे माझ्या मते दोन जागी ठरेल. एक, तो १८४९ पासूनचा डब्यांचा कारखाना, जो अल्स्टॉम या रेल्वे बनवणाऱ्या कंपनीने २०२५ च्या करारानुसार केएनडीएस या रणगाडे बनवणाऱ्या कंपनीला द्यायचं ठरवलं, तिथे किती कामगार टिकतात. दुसरं, कोळसा बंद करण्याच्या बदल्यात येणाऱ्या सरकारी पैशातून उभं राहणारं खगोलभौतिकीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, ज्यासाठी २०२२ मध्ये याच भागाची निवड झाली. शास्त्रज्ञ ग्योर्लिट्समध्ये घर घेतात का ड्रेस्डेनहून तासभराच्या ट्रेनने ये-जा करतात, हे मी तरी रजिस्टरमध्ये १८ ते ३५ वयाच्या रकान्यातच बघणार, एकूण आकड्यात ते बरंच उशिरा दिसेल.